हसलं की दात कमी, हिरड्याच जास्त दिसतात. लेझरनं कापून घेऊ का? (बेळगावकर, जरा सांगा)

वडगावची चिमणी:
नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. मी वडगावची, वय 27, शहापुरात एका साड्यांच्या दुकानात हिशेब बघते. विषय जरा लाजेचा आहे पण घरात कुणाशी बोलायची सोय नाही म्हणून इथं आले. मी हसले की वरचे दात एवढेसे आणि वर हिरडीचा ह्ये एवढा पट्टा दिसतो. शाळेत पोरं मला गुलाबी फाटक म्हणायची. तेव्हापासून फोटोत तोंड मिटून उभी राहायची सवयच लागली. आता चुलतभावाच्या लग्नाचा अल्बम आला, त्यात अक्षता टाकताना कुणीतरी काहीतरी बोललं आणि मी खदाखदा हसलेय, नेमका तोच फोटो पान भरून मोठा केलाय. आत्ती अल्बम बघत बघत म्हणाली, "बाई, ह्या फोटोत तुझे दात कुठं गेले गे?" सगळे हसले, मी पण हसले, तोंडावर हात धरून.

मागच्या आठवड्यात एका क्लिनिकात (नाव नको) दात साफ करायला गेले तर खुर्चीत बसल्या बसल्याच म्हणाले, वरच्या 10 दातांवरची हिरडी लेझरनं कापून देतो, अर्ध्या तासाचं काम, रक्त नाही, टाके नाहीत, शनिवारी या. पैसे एका बऱ्यापैकी मोबाईलएवढे. ना एक्सरे काढला ना पट्टी लावून काही मोजलं. मी हो म्हणून आले आणि आता झोप नाही. कुणी केलंय का हे? दुखतंय का? हिरडी परत वाढते का? आईला अजून सांगितलेलं नाही.

गोवावेसकर:
शनिवारी जाऊ नको. बाकीचं रात्री लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आहे.

टिळकवाडीच्या काकू:
अगं पोरी, देवानं दिलेलं तोंड आहे, त्याला कात्री कशाला लावायची? माझ्या पण हिरड्या दिसतात, आमच्या ह्यांनी मला बघायला आल्यावर हसताना बघूनच होकार दिला म्हणे (म्हणे हं, 41 वर्षं झाली, आता विचारून काय उपयोग). लग्नाचं स्थळ बघूलालेत म्हणून हे चाललंय का? तसं असेल तर हिरड्या बघून नाही म्हणणारं स्थळ गेलेलंच बरं की.

वडगावची चिमणी:
काकू स्थळाचा संबंध नाही हो. म्हणजे स्थळं बघूलालेतच, ते वेगळं. मला स्वतःला हसताना हात वर जातो त्याचा कंटाळा आलाय. दुकानात गिऱ्हाईकाशी बोलताना सुद्धा जातो.

गोवावेसकर:
हां आता बसलो निवांत. आमच्या घरचं सांगतो, बायकोला विचारून लिहूलालोय. दोन वर्षांमागं तिनं असंच करून घेतलं, दुसऱ्या गावात, समोरच्या 6 दातांचं, लेझरनं. खरंच सांगतो, रक्त दिसलं नाही, दुखलं पण नाही, संध्याकाळी भात खाल्ला. दात असे लांब छान दिसायला लागले की ती आरशापुढनं हलेना. हे झालं मे महिन्यात. गणपती बसले तोवर हिरडी खाली यायला लागली आणि दसऱ्यापर्यंत होती तिथं. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं, पण दोन दातांवरची हिरडी लालच राहिली, ब्रश लावला की रक्त. मग दुसऱ्या डॉक्टरकडं गेलो, त्यांनी भूल देऊन एक बारीक सळईसारखं हत्यार हिरडीतनं आत सरकवलं आणि हाड लागेपर्यंत मोजलं. म्हणाले, हिच्या हिरडीखालचं हाडच खाली आलंय, आधीच्यांनी वरचं कातडं तेवढं कापलं, हाडाला हात लावला नाही, मग हिरडी परत येणारच. हेच आधी मोजलं असतं तर?? हा माझा प्रश्न आजपण आहे.

पैसे कुणी परत दिले नाहीत हे सांगायला नकोच.

सदाशिवपेठी:
बेळगावात कशाला रिस्क घेताय, असल्या कॉस्मेटिक गोष्टी पुण्यात करून घ्याव्यात. इथे चांगले स्पेशालिस्ट आहेत.

येळ्ळूरचा पैलवान:
आला बघा पुणेकर 😀 अहो आमच्याकडं गावात दोन दोन डेंटल कॉलेजं आहेत, नेहरूनगरात केएलईचं आणि बॉक्साईट रोडला मराठा मंडळाचं, दोन्हीकडं हिरड्यांचा वेगळा विभाग आहे, एमडीएस (बीडीएसच्या पुढची दातांची पदवी) शिकणारी पोरं पोरी आहेत आणि त्यांच्या डोक्यावर प्रोफेसर. अर्धं गोवा आणि चंदगड, गडहिंग्लजची माणसं दात दाखवायला इकडं येतात. टाके बघायला चार वेळा पुण्याला जायचं भाडं तुम्ही देणार काय?

सदाशिवपेठी:
बरं बाबा. चूक झाली. तुमची ती मिठाई, कुंदा, पाठवा.

हिरडीवाली डॉक्टर:
मी पेरिओडॉन्टिस्ट आहे, म्हणजे हिरड्यांचीच डॉक्टर, मूळची चिकोडीची. तोंड न बघता निदान सांगणार नाही, पण गोवावेसकरांनी जे लिहिलंय त्यातच सगळी मेख आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

हिरडी जास्त दिसते हे लक्षण आहे, कारण नव्हे. ताप आला म्हणून सगळ्यांना एकच गोळी देत नाही, तसंच हे. काहींचा वरचा ओठच आखूड असतो (बायकांत नाकापासून ओठाच्या कडेपर्यंत साधारण 20 ते 22 मिलिमीटर धरतात), काहींचा ओठ लांबीला व्यवस्थित असतो पण हसताना त्याला वर खेचणारे स्नायू फार जोर लावतात, पडदा फर्रकन वर गेल्यासारखा. काहींचा वरचा जबडाच उभ्यात जास्त वाढलेला असतो. आणि काहींचे दात मुळात चांगले लांब असतात, पण दात बाहेर आल्यावर हिरडीनं जेवढं मागं सरकायला पाहिजे तेवढी ती सरकलेलीच नसते, म्हणून अर्धा दात हिरडीच्या पांघरुणात राहतो आणि दिसायला आखूड, चौकोनी दिसतो. ह्या शेवटच्या प्रकारात हिरडीची सर्जरी छान काम करते. ओठाचं किंवा जबड्याचं कारण असेल आणि तुम्ही हिरडी कापत बसलात तर दाताचं मूळ उघडं पडेल, थंड पाणी लागलं की झिणझिण्या येतील आणि हिरडी दिसायची ती दिसेलच.

आता परत का वाढते ते. दाताभोवतीचं हाड आणि हिरडीची कड ह्यांच्यात शरीर स्वतःचं एक अंतर राखतं. 1961 साली गार्ग्युलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजलं होतं, दाताला चिकटलेला हिरडीचा भाग सरासरी 2.04 मिमी आणि त्यावरची उथळ खाच 0.69 मिमी, म्हणून आम्ही व्यवहारात 3 मिमी धरतो. हिरडी कापून तुम्ही हे अंतर 1 मिमी केलंत तर शरीर ते 3 करूनच सोडतं, किंवा मग तिथं कायम सूज राहते. गोवावेस वहिनींना दोन्ही भोगायला लागलं. म्हणून हाड खाली असेल तर हिरडी बाजूला उघडून हाडाची कड थोडी घासून वर न्यावी लागते, मग टाके येतात. अशा केसमध्ये न मोजताच टाके नाहीत, रक्त नाही असं कुणी सांगितलं तर त्यानं तुमचं हाड बघितलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. लेझर वाईट नाही हं, मी पण वापरते, पण लेझर म्हणजे हत्यार, ते कुठं चालवायचं हे मोजमाप सांगतं.

एक घरचा उद्योग सांगते. कंपासपेटीतली पट्टी धुऊन घे आणि आरशासमोर मधल्या मोठ्या दाताची लांबी आणि रुंदी मोज. रुंदी लांबीच्या पाऊणपट ते 80 टक्के असते साधारण, लांबी बायकांत 10 मिमीच्या आसपास. मग मनमोकळं हसून हिरडी किती दिसते ते दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांग.

वडगावची चिमणी:
मॅडम खूप खूप थँक्यू. मोजलं. धाकट्या भावाला 50 रुपये देऊन मोजायला लावलं, तो मेला पट्टी धरून हसतच सुटला त्यामुळं तीनदा मोजावं लागलं. दात लांबीला 8, रुंदीला पण 8, म्हणजे चक्क चौकोन! आणि हसल्यावर हिरडी 5 मिमी. शनिवारचं कॅन्सल केलं. ते फोनवर म्हणाले डिस्काउंट देतो.

येळ्ळूरचा पैलवान:
डिस्काउंट 😂😂 दिवाळी सेल

हिरडीवाली डॉक्टर:
8 बाय 8 म्हणजे दात हिरडीखाली लपलेत असा संशय घ्यायला जागा आहे, पण दात घासले जाऊन आखूड झालेत का, ओठ किती उचलला जातो, हे समोर बसूनच कळतं. एक्सरे लागेल, भूल देऊन हाड मोजायला लागेल. आणि अजून एक सांगू का, 1999 साली अमेरिकेत कोकिच आणि सोबत्यांनी हसणाऱ्या तोंडाच्या फोटोंत कॉम्प्युटरवर थोडे थोडे बदल करून लोकांना दाखवले. ऑर्थोवाल्यांना (तारा लावून दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना) 2 मिमी हिरडी दिसली की खटकायचं, साध्या माणसांना 4 मिमी होईपर्यंत काही वावगं वाटलं नाही. तेव्हा शून्य करायच्या मागं लागू नकोस. वय वाढेल तसा वरचा ओठ आपोआप खाली येतो, आज थोडी हिरडी दिसते ती पंचेचाळिशीत तरुण दिसायला उपयोगी पडते.

टिळकवाडीच्या काकू:
म्हणून मी तरुण दिसते होय!

निपाणीचा पोरगा:
धागा वाचूलालोय. आमच्या आईच्या हिरड्या काळ्या पडल्यात आणि खालच्या दातांची मुळं दिसूलालेत. ती पहाटे उठल्यापासनं मिश्री लावती, आमच्याकडं तंबाखूच पिकतोय त्यामुळं घरात कमी नाही, चुलीवर भाजायची आणि डबीत भरायची. बहीण म्हणती लेझरनं हिरड्या गुलाबी करून मिळतात, खरं काय?

हिरडीवाली डॉक्टर:
दोन गोष्टी वेगळ्या करूया. आपल्याकडं बऱ्याच जणांच्या हिरड्या मुळातच सावळ्या असतात, कातडीसारखंच, तो रोग नाही. तो रंग वरवर खरवडून किंवा लेझरनं काढता येतो, पण तो परत येऊ शकतो, कुणाला काही महिन्यांत, कुणाला काही वर्षांनी. आईचं प्रकरण रंगाचं नाही. मिश्री जिथं घासतात तिथली हिरडी उतरते, मुळं उघडी पडतात. तिथं दुसरीकडची, बहुतेक टाळूची कातडी लावून मूळ झाकायची सर्जरी असते, पण मिश्री चालू ठेवून ती केली तर टिकत नाही, पैसे पाण्यात. आणि रंगाआधी एकदा गालाची आतली बाजू, जीभ, हिरड्यांवर पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम आहे का ते दाखवून घे. दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली कुठलीही जखम डॉक्टरला दाखवायचीच. हे रंगापेक्षा महत्त्वाचं.

निपाणीचा पोरगा:
दाखवतो मॅडम. मिश्री सोड म्हटलं की शौचाला होत नाही म्हणती, काय करणार.

खानापूरकर:
माझ्या वडिलांच्या हिरड्या वर्षभरात एवढ्या फुगल्या की दातांच्या मधनं गोळे बाहेर आल्यासारखं. आम्ही म्हटलं आता काय झालं. शेवटी कळलं बीपीच्या गोळीनं, अम्लोडिपिन. फिजिशियननी गोळी बदलली, दात नीट साफ केले, बरंच उतरलं, राहिलेलं थोडं कापलं. फिट्सच्या फेनिटोइन गोळीनं पण होतं म्हणे. पण गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका कुणी, आमच्या शेजाऱ्यानं केली आणि बीपी वाढून ॲडमिट व्हायची पाळी आली.

कॅम्पातली मीनू:
माझ्या मैत्रिणीनं बोटॉक्स घेतलं ओठाला. नाकाच्या दोन्ही बाजूला बारीकसं इंजेक्शन, आठ दहा दिवसांत हिरडी दिसायची बंद. पण चारेक महिन्यांत सगळं पहिल्यासारखं. आणि सुरुवातीला तिचं हसू असं विचित्र झालं होतं की स्ट्रॉनं ऊसाचा रस पिता येईना.

हिरडीवाली डॉक्टर:
स्नायूंचा जोर हे कारण असेल तर बोटॉक्स चालतं, पण मीनूनं लिहिलंय तसं, 3 ते 4 महिने, कधी थोडं जास्त, परत परत घ्यायचं. ओठ आतून शिवून खाली आणायची पण सर्जरी आहे, तिच्यात काहींना हळूहळू पूर्वीसारखं होतं. जबडा मोठा असेल तर हाड कापून वर बसवायचं मोठं ऑपरेशन, ॲडमिट होऊन, पूर्ण भूल देऊन, बहुतेक वेळा आधी दातांना तारा लावून. नुसत्या फोटोसाठी त्या वाटेला जाण्याआधी शंभरदा विचार.

गोवावेसकर:
चिमणे, काय झालं पुढं? बायको रोज विचारती.

वडगावची चिमणी:
मंडळी, चार महिन्यांनी येतेय, रागावू नका. झालं सगळं! एका कॉलेजात केलं, कुठलं ते विचारू नका, नाहीतर लगेच जाहिरात म्हणाल.

पहिल्यांदा गेले तर हसायला लावून, शिट्टी घालायला लावून, ई म्हणायला लावून फोटो काढले. एक्सरे. मग भूल दिली आणि ते गोवावेसकरांनी लिहिलेलं सळईवालं मोजमाप, प्रत्येक दाताला, एक मॅडम मोजते आणि दुसरी पोरगी आकडे लिहून घेते, तीन, दोन, दीड, अडीच, बाजारात हिशेब चालल्यासारखं. निघालं काय तर माझे दात खरंच हिरडीखाली दोन मिमी लपलेले आणि हाडपण खाली. म्हणजे त्या अर्ध्या तासाच्या लेझरनं माझं गोवावेस वहिनींसारखंच झालं असतं. ओठपण जरा जास्त पळतो म्हणाल्या, त्यामुळं सगळी हिरडी झाकणार नाही, आधीच सांगून ठेवलं. मग दातांच्या रंगाचं काहीतरी हिरडीवर तात्पुरतं बसवून आरसा दिला, बघ असे दिसतील. मी रडलेच तिथं. ते काढून टाकतील म्हणून नको वाटायला लागलं.

सोबत घरचं कुणीतरी आणा म्हणाल्या त्यामुळं आईला सांगायलाच लागलं. सहीचा फॉर्म कन्नड आणि इंग्लिश, मी इंग्लिशवरनं आईला मराठीत सांगूलालेली. मधेच मॅडम शिकणाऱ्या पोरीला "वसडु, वसडु" म्हणायला लागल्या, आईला वाटलं ओसाड म्हणतायत, तिनं माझा हातच धरला. शेवटी शेजारची बाई म्हणाली, "अक्का, वसडु म्हंजे हिरडी."

6 दातांचं केलं, दीड तास लागला. दुखलं नाही, पण हाड घासतानाचा आवाज डोक्यात घुमतो, ते कुणी सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगून ठेवते. वर गुलाबी लगद्यासारखी पट्टी बसवली. तिसऱ्या दिवशी वरचा ओठ टम्म पुरणपोळीसारखा. जोंधळ्याची भाकरी बंद, खर्डा बंद, आंबील, दहीभात आणि गार शिरा यावर दिवस काढले. समोरच्या दातांना ब्रश लावायचा नाही, फक्त ते क्लोरहेक्सिडीनचं पाणी दिवसातनं दोनदा तोंडात धरायचं, त्यानं चहा असा लागायचा की कुणी पितळेच्या कल्हई उडालेल्या भांड्यात उकळलाय. वर दातांवर तपकिरी डागपण पडले, ते नंतर साफ करून दिले. पट्टी काढल्यावर हिरडीवर पांढरं पांढरं दिसलं, मी पू झाला म्हणून रात्री साडेदहाला फोन केला, ती भरत आलेली जखम निघाली. दहाव्या दिवशी टाके काढले. त्या दिवशी येताना कुंदा घेतला, पहिला घास मी, दुसरा आईनं.

आता दात 10 मिमी, हसल्यावर हिरडी 3. दोन दातांच्या मधली हिरडी मुद्दाम सोडली, ती काढली तर काळी त्रिकोणी फट पडते म्हणे. हिरडीची कड पक्की बसायला सहा महिने लागतात, तोवर बघत राहायचं आहे.

गोवावेसकर:
भारी! बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणती आता तिचं पण हाड मोजून घेऊया.

निपाणीचा पोरगा:
आईला दाखवलं मॅडम. चट्टा नाही काही. मुळांचं नंतर बघू म्हणालेत.

टिळकवाडीच्या काकू:
आत्तीला दाखवलंस का गे? काय म्हणाली?

वडगावची चिमणी:
परवा आलेली. जेवताना सारखी माझ्या तोंडाकडं बघूलालेली, मी मुद्दाम हसत होते. जाताना दारात थांबून म्हणाली, "काहीतरी वेगळं दिसतंय बाई तुझं. केस कापलीस काय?"

टिळकवाडीच्या काकू:
😄😄 आणि आईचं काय? ती पण मिश्री लावते का तुमच्याकडं? मॅडमनी लिहिलंय वर ते वाचून दाखव तिला.

वडगावची चिमणी:
लावते की. कॉलेजात तिच्या पण हिरड्या बघितल्या त्या पोरीनं आणि रागावली. मी डबी लपवलेय. कुठं लपवलेय ते तिला माहीत आहे.